पंडिताची अवहेलना, देशाला किंमत

खोपोली, भिवपुरीची वीजघरे दाखवताना आपण टाटांचे नाव घेतो. पण १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून देशाच्या पाणी व वीज धोरणाचा पाया घालणारे बाबासाहेब कर्जत-खालापुरात किती जणांना आठवतात? १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडनची डी.एस्सी. मिळवणाऱ्या या पंडिताला व्यवस्थेने केवळ ‘दलितांचा पुढारी’ ठरवले. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी परराष्ट्र धोरणावर टीका केली. १९५४ मध्ये राज्यसभेत चीनवर विसंबू नका, असे बजावले. सत्ताधाऱ्यांनी ऐकले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. अभ्यासाच्या अवहेलनेची किंमत जवानांनी रक्ताने मोजली. बांधवांनो, जयंतीच्या मिरवणुकीइतकाच मान त्यांच्या ग्रंथांनाही द्या!