गंधर्वांची पहिली परीक्षा
संगीत रंगभूमीसाठी गळ्याची निवड कशी होत असे, याचा वस्तुपाठ ठरलेले बालगंधर्वांचे जीवन

वाशिम : संगीत नाटकाचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्थेत प्रवेश हवा असेल तर हल्ली अर्जासोबत स्वतःची ध्वनिचित्रफीत पाठवावी लागते. परदेशांतील अनेक महाविद्यालयांत तर प्रत्यक्ष बोलावणे येण्यापूर्वी याच फितीवरून पहिली चाळणी लागते. दोन वेगळ्या प्रकृतीची गाणी, एक स्वगत, थोडे नृत्य, तेही ठरवून दिलेल्या मिनिटांत, एवढ्यावर परीक्षक निर्णय घेतात. वाशिम, कारंजा किंवा रिसोडमधील एखादा मुलगा घराच्या गच्चीवर मोबाइल उभा करून गाऊ लागतो, तेव्हा त्याला ही रीत अगदी नवी वाटते. मात्र गळा, चेहरा आणि उभे राहण्याची ढब अल्पावधीत पारखून एखाद्याचे भवितव्य ठरविण्याची प्रथा मराठी संगीत रंगभूमीला तिच्या जन्मापासून ठाऊक आहे. या प्रथेतून पार पडलेल्यांत सर्वांत मोठे नाव आहे नारायण श्रीपाद राजहंस यांचे. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो.

संगीत नाटकाचा पाया अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी घातला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ने या नव्या प्रकारावर शिक्कामोर्तब केले. त्या काळी स्त्रियांनी रंगमंचावर येणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे नायिकेसाठी असा पुरुष हवा असे, ज्याचा गळा गोड, चेहरा सुकुमार आणि चाल डौलदार आहे. हे तिन्ही गुण एका ठिकाणी सापडणे दुर्मीळ होते. बडोद्यात कारकुनी करणारे भाऊराव कोल्हटकर अशाच शोधातून मंडळीला मिळाले. त्यांच्या गाण्याने किर्लोस्कर मंडळीला वैभव आले. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले, तरी मंडळी टिकून राहिली, त्यात भाऊरावांच्या गळ्याचा वाटा मोठा होता. १९०१ मध्ये भाऊरावही गेले आणि मंडळीचा आधारच निखळला. नाटके होती, तालीममास्तर होते, नाव होते. पण ज्या गळ्यासाठी प्रेक्षक तिकीट काढी तो गळा उरला नव्हता.

नाटक मंडळी हे त्या काळचे महाविद्यालयच होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. घर सोडून आलेली मुले मंडळीतच राहत, पंगतीला जेवत, गाण्याची मेहनत करीत आणि तालीममास्तरांच्या हाताखाली नकला पाठ करीत. या शिक्षणाची कठोर बाजूही होती. मुलाचा आवाज फुटला की त्याची किंमत एका रात्रीत शून्यावर येई. पुढे गायनाचार्य म्हणून कीर्ती मिळविणारे भास्करबुवा बखले हे लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते. ‘रामराज्यवियोग’ नाटकात त्यांनी कैकेयीचे काम केले होते. वयात येताना आवाज गेला आणि रंगमंच त्यांच्यापासून दुरावला. हताश न होता त्यांनी उस्तादांच्या दारी वर्षानुवर्षे विद्या मिळविली. दैवयोग असा की, पुढे याच भास्करबुवांनी नारायणरावांच्या गाण्याला घडविले.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरात गाण्याची आवड होती आणि मुलाच्या गळ्यातला गोडवा फार लवकर लक्षात आला. शिक्षणाच्या निमित्ताने जळगावला नातलगांकडे असताना त्यांना महेबूबखाँ यांची तालीम मिळाली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या मुलाचे गाणे ऐकून त्याला बालगंधर्व म्हटले, ही आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. ते नाव पुढे इतके रूढ झाले की मूळ आडनाव मागे पडले.

या उगवत्या गायकाच्या वाटेत एक अडसर होता. त्याला कानाचा विकार जडला होता. गाणाऱ्याला कान हाच खरा गुरू. तंबोऱ्याचा षड्ज नीट ऐकू आला नाही, तर गोड गळाही सुराला धरून राहू शकत नाही. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी नारायणाचे गाणे ऐकले होते. त्यांनी त्याला उपचारांसाठी मिरजेच्या मिशन रुग्णालयात पाठविले. योगायोगाने किर्लोस्कर मंडळीशी त्याची गाठ तिथेच पडली. सुशिक्षित घरातील मुलाने नाटकात जाणे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नसे. शिक्षण सोडायचे, घर सोडायचे आणि स्त्रीवेष चढवून लोकांसमोर उभे राहायचे, हा निर्णय कोणत्याही कुटुंबाला सोपा नव्हता. महाराजांच्या आग्रहाचे वजन पडले आणि नारायण मंडळीत दाखल झाला.

साल होते १९०५ आणि वय सतरा. या वयात आवाजाचे वळण बहुधा ठरून गेलेले असते. त्यामुळे ऐन बहरात गळा दगा देईल, ही धास्ती तुलनेने कमी होती. परंतु गळ्याची परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे नट होणे नव्हे. तालमीची जबाबदारी गोविंद बल्लाळ देवल यांच्याकडे होती. ‘शारदा’सारखे नाटक लिहिणारे देवल तालीममास्तर म्हणून अत्यंत काटेकोर होते. पदर कसा सावरावा, मान किती झुकवावी, लाजताना दृष्टी कुठे असावी, वाक्य संपवून पदाला सुरुवात करताना श्वास कोठे घ्यावा, याचे धडे त्यांनी दिले. मिरजेतच नारायणरावांची शकुंतला रंगमंचावर आली. भाऊरावांच्या पश्चात ओस पडलेली जागा भरून निघाल्याची खात्री प्रेक्षकांना पटली. एका मुलाची परीक्षा होती, तशीच ती एका नाट्यसंस्थेच्या अस्तित्वाचीही होती.

त्यानंतरच्या काही वर्षांत वऱ्हाडचाही या वैभवात वाटा राहिला. बुलढाण्यात वाढलेले आणि पुढे वऱ्हाडातच वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे किर्लोस्कर मंडळीचे महत्त्वाचे नाटककार होते. पारशी रंगभूमीच्या चालींचा नवा बाज त्यांनी मराठी नाटकात आणला. आजचा वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. पण त्या काळी हा सारा मुलूख वऱ्हाड म्हणूनच ओळखला जाई आणि पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर गाजणारे शब्द या मुलखातील लेखणीतून उतरत होते.

१२ मार्च १९११ हा दिवस नारायणरावांच्या आयुष्यात विसरता न येण्याजोगा ठरला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत व्हायचा होता. गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या आणि नायिका भामिनी नारायणराव साकारणार होते. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी मरण पावली. प्रयोग रद्द केला असता तर कोणीही दोष दिला नसता. तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, भामिनीचे मानी आणि खेळकर रूप त्यांनी उभे केले आणि प्रयोग यशस्वी झाला. या घटनेकडे निष्ठा म्हणून पाहावे की त्या व्यवसायाची निष्ठुरता म्हणून, हा प्रश्न आजही अस्वस्थ करतो. कदाचित दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. काल ज्याची निवड झाली होती, तो आता निवड करणाऱ्यांच्या आसनावर बसला. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले आणि भास्करबुवांच्या चालींनी रुक्मिणीची पदे घराघरांत पोहोचली. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ही त्याच वर्षी मंडळीने रंगमंचावर आणले, पण तोवर देवलमास्तर या जगात नव्हते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चेही तसेच झाले. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले आणि फेब्रुवारीत बडोद्याला नाटकाचा पहिला प्रयोग झाला. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेल्या बालगंधर्वांनी या नाटकात दारिद्र्याने गांजलेली सिंधू उभी केली. अलंकारांविनाही आपला अभिनय तोलून धरता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यांच्या गायकीचे रहस्य जाणकारांनी नाना प्रकारे उलगडले आहे. त्यातील एक सूत्र मात्र कोणालाही ऐकताक्षणी कळण्यासारखे आहे. त्यांच्या पदांत शब्द हरवत नाही. तान कितीही फिरली तरी ती वाक्याच्या अर्थाला बिलगून राहते. पद हे संवादाचेच पुढचे पाऊल वाटते. साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी असे. इतके समर्थ साथीदार असताना गायकाला स्वतःची विद्वत्ता मिरवण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. बालगंधर्वांनी रसिकांच्या ‘वन्समोअर’ला भरभरून दाद दिली, पदे रात्र-रात्र रंगविली, पण नायिकेचा भाव त्यांनी सुटू दिला नाही.

याच गळ्याला ग्रामोफोनच्या तबकडीने वेगळी शिस्त लावली. नाट्यगृहात बराच वेळ आळवले जाणारे पद तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांत संपवावे लागे. समोर प्रेक्षक नाही, हावभावाचा आधार नाही, वेषभूषेची मोहिनी नाही. आरंभीच्या सुरातच ऐकणाऱ्याला धरून ठेवायचे आणि वेळ संपण्यापूर्वी पदाला पूर्णत्व द्यायचे, हे कसब वेगळे होते. ज्यांनी त्यांना रंगमंचावर कधी पाहिले नाही, त्या पिढ्यांपर्यंत बालगंधर्व पोहोचले ते याच तबकड्यांमुळे. ध्वनिचित्रफीत तयार करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याची कसोटी याहून फारशी निराळी नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर आल्याचा हा प्रसंग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजोड मानला जातो. अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले.

वैभवाच्या या शिखरावरच उताराची चिन्हे दिसू लागली होती. नाटक राजेशाही थाटात व्हावे, हा बालगंधर्वांचा हट्ट होता. उंची वस्त्रे, खरीखुरी अत्तरे, भव्य नेपथ्य यांवर पैसा पाण्यासारखा खर्च झाला. ‘द्रौपदी’च्या उभारणीने मंडळीला कर्जाच्या खाईत लोटले. दिवाळखोरीची सोपी वाट न धरता त्यांनी प्रयोगांच्या बळावर देणी फेडली. हिशेबाची दृष्टी मात्र त्यांना कधीच लाभली नाही. कलेच्या परीक्षेत अव्वल ठरणारा हा माणूस व्यवहारात वारंवार हरला.

१९३२ नंतर मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक झपाट्याने तिकडे वळला. १९३४ च्या सुमारास मंडळीचा पसारा आवरावा लागला. १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथांची भूमिका दिली. आयुष्यभर नायिका साकारलेल्या नटाला कॅमेऱ्यासमोर पुरुषाच्या रूपात उभे केले गेले. चित्रपट झाला, पण तुकड्यातुकड्यांनी चालणारे ते चित्रीकरण आणि समोर प्रेक्षक नसलेले ते जग त्यांना मानवले नाही. तबकडीसमोर लीलया खुलणारा गळा कॅमेऱ्यासमोर परका झाला. ते पुन्हा रंगमंचाकडे वळले.

तोवर रंगमंचही बदलला होता. स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याचा काळ आला होता. गोहरबाई कर्नाटकी यांनी बालगंधर्वांसोबत नायिका केल्या आणि त्यांनी स्वतः पुरुष भूमिका पत्करल्या. ज्या सामाजिक बंधनामुळे त्यांची निवड झाली होती, ते बंधनच सैल होत गेले. यात अन्याय दूर झाल्याचे समाधान होते आणि एका कलापरंपरेच्या अस्ताची हुरहुरही होती. वय, स्थूल झालेला देह आणि पुढे अधू झालेले पाय यांनी त्यांना जखडले. गाणे मात्र त्यांनी सोडले नाही. उत्तरायुष्यातील ओढग्रस्त दिवसांत भजनांच्या बैठकींतून ते रसिकांसमोर येत राहिले.

सन्मान उशिरा का होईना, आले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण किताब त्यांना मिळाला. पुण्यात त्यांच्या नावाने नाट्यगृह उभारण्याचे ठरले, तेव्हा १९६२ मध्ये पायाभरणी त्यांच्याच हस्ते झाली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी जगाचा निरोप घेतला. बालगंधर्व रंगमंदिराचे दार रसिकांसाठी उघडले ते त्यानंतर, जून १९६८ मध्ये.

मिरजेतील त्या निवडीने नारायण राजहंसांना रंगमंचाचे दार उघडून दिले. आत टिकून राहण्यासाठी देवलांची तालीम, भास्करबुवांची विद्या आणि स्वतःची अखंड मेहनत लागली. संगीत नाटकाच्या प्रवेशासाठी मोबाइलसमोर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींनी गाण्याची पट्टी ठरविण्यापूर्वी त्यांची एखादी जुनी तबकडी लक्षपूर्वक ऐकावी. तीन मिनिटांत किती मावू शकते, याचे उत्तर तीत मिळेल.