गायकवाड वाड्याचे धनी

पुण्याच्या नारायण पेठेतील केसरीवाडा ही मूळची बडोद्याच्या गायकवाडांची वास्तू. १९०५ साली सयाजीराव महाराजांकडून लोकमान्य टिळकांनी ती विकत घेतली. तोवर त्यांचे बिऱ्हाड विंचूरकर वाड्यात होते. थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ च्या प्लेगात गेला. नव्या वास्तूत पाऊल टाकण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. वाड्यात घर होते, 'केसरी'ची कचेरी होती आणि गणेशोत्सवही होता. खासगी जीवन असे वेगळे उरलेच नव्हते.

२४ जून १९०८ रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळकांना अटक झाली. वाड्याच्या झडतीत स्फोटकांवरील दोन ग्रंथांची नावे टिपलेले एक कार्ड सापडले. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ते टिपण होते, हा टिळकांचा खुलासा व्यर्थ ठरला. सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. मागे वाड्याचा व मुलांचा भार पत्नी सत्यभामाबाईंवर व भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्यावर पडला. या माउलीविषयी चरित्रकारांनी फारच थोडे लिहिले आहे. ७ जून १९१२ रोजी त्या वाड्यातच निवर्तल्या. मंडालेस ही वार्ता तारेने कळली.

दोन वर्षांनी, १६ जून १९१४ च्या रात्री, कोणास सुगावा न लागू देता पोलिसांनी टिळकांना वाड्याच्या दारी आणून सोडले. घर तेच होते, परंतु गृहिणी नव्हती. कोठडीत शिसपेन्सिलीने लिहिलेल्या गीतारहस्याच्या वह्याही सरकारनेच ठेवून घेतल्या होत्या. त्या पुढे परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथालयांतील त्याच्या झिजलेल्या प्रती वाचकांच्या परिचयाच्या आहेत.

१९१६ च्या एप्रिलात बेळगावी होमरूल लीगची स्थापना झाली. तेथील व नगरच्या भाषणांवरून २३ जुलैला, साठीचा सोहळा वाड्यात चालू असतानाच, वीस हजारांच्या जामिनाची नोटीस त्यांच्या हाती पडली. त्याच दिवशी अर्पण झालेली लाख रुपयांची थैली त्यांनी राष्ट्रकार्यास देऊन टाकली. जामिनाचा हुकूम पुढे उच्च न्यायालयाने रद्द केला.

वाड्यातील संग्रहालयात आज त्यांच्या वापरातील वस्तू, पत्रे व कागदपत्रे मांडलेली आहेत. मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्ट येथे फडकविलेला ध्वजही तेथेच आहे. टिळकांना मात्र अखेरचा श्वास या घरी घेता आला नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी ते निधन पावले ते मुंबईस, त्याच सरदारगृहात; अंत्यसंस्कारही चौपाटीवर झाले.