रमाबाईंची माया

प्रेम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पटकन येतात ते सिनेमातले नायक-नायिका, नाहीतर तान्ह्या बाळाला कुशीत घेतलेली आई. पण मैत्रिणींनो, बापाचं, भावाचं, नवऱ्याचं, लेकीचं आणि ज्यांच्याशी नात्याचा धागासुद्धा नाही अशा परक्यांचं प्रेम एकाच बाईच्या आयुष्यात इतक्या ठळकपणे दिसावं, असं फार थोड्या वेळा घडतं. पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना मला हे फार जाणवलं. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात. विदुषी होत्या, ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती सदन काढलं, संपलं! पण त्या चार ओळींच्या मागे केवढं आयुष्य आहे.

सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करायला हवी. अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. पेशव्यांच्या वाड्यात बाईमाणूस संस्कृत शिकते हे त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं, आणि आपणही बायकोला शिकवायचं हे मनात पक्कं धरलं. त्या काळात केवढं धाडस हे! धर्ममंडळींनी जाब विचारला, तेव्हा शास्त्रार्थ करून उत्तर दिलं. लोकांचा त्रास नको म्हणून पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात घर बांधलं आणि लक्ष्मीबाईंना शिकवलं. तिथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घरदार गेलं आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागलं. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती, वेताच्या पेटाऱ्यातून तिचा प्रवास सुरू झाला. आई पहाटे उठून लेकीला श्लोक शिकवायची. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न लावून मोकळं व्हायचं, अशा त्या दिवसांत या आईबापांनी तिचं लग्न केलं नाही, तिला शिकवलं. मुलीला दागिने देणारे बाप पुष्कळ असतात. या बापाने तिला बुद्धी वापरायची मोकळीक दिली.

मग आला दुष्काळ. १८७४ च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आई गेली तेव्हा तिला खांदा द्यायलाही माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं आली, बाकी भार भाऊ श्रीनिवासने आणि रमाने उचलला. रमा उंचीने लहान, म्हणून तिने तिरडी डोक्यावर पेलली. वाचताना अंगावर काटा येतो.

उरले बहीण-भाऊ. दोघं अनवाणी हजारो मैल चालले, थेट पंजाब-काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तर वाळूत खड्डे करून आत निजले. भाऊबीजेला आपण ओवाळतो ना, त्या नात्याचा असा अर्थ मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोनच वर्षांत, १८८० च्या मे महिन्यात, श्रीनिवासही गेला.

आता त्या अगदी एकट्या पडल्या. भावाचे मित्र बिपिन बिहारी मेधावी हे वकील. बंगाली आणि ब्राह्मणेतर. रमाबाईंनी त्याच वर्षी त्यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. भाषा वेगळी, जात वेगळी, वडीलधारं कोणी नाही. दोघांनी आपल्या विचाराने एकमेकांना निवडलं. सिलचरला संसार मांडला. १८८१ साली मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा ठेवलं. मुलगी झाली म्हणून आनंद मानणारं घर होतं ते! बालविधवांसाठी शाळा काढायची, असं दोघं मिळून ठरवत होते. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. उणापुरा एकोणीस महिन्यांचा संसार. रमाबाई तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांच्या, पदरात तान्ही पोर.

अशा वेळी बाई कोपऱ्यात बसते, किंवा तिला बसवलं जातं. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर हव्यात असं सरकारच्या हंटर आयोगापुढे ठासून सांगितलं. १८८३ साली लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे दोघींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार म्हणून १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि तिथे गावोगाव भाषणं करून, पुस्तक लिहून विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. या धावपळीत चिमुकल्या मनोरमेला कित्येक दिवस इंग्लंडमधल्या सिस्टर्सकडे ठेवावं लागलं. आईच्या जिवाला काय झालं असेल, हे कामासाठी मूल शेजारणीकडे ठेवून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल. पण लेकीला कसं वाढवायचं हे मी ठरवणार, हा आईचा हक्क त्यांनी त्या उपकारकर्त्या सिस्टर्सपुढेही सोडला नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. नवऱ्यासोबत पाहिलेलं स्वप्न खरं झालं. पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झाल्या. शाळा १८९० मध्ये पुण्याला आली आणि धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठलं. १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात लोकांची भीती अगदीच खोटी होती, असं मी म्हणणार नाही. ज्या घरातली लेक जाते त्या घराला धसका बसतोच. पण मला दुसरंही दिसतं. ज्या मुलींचे केस कापून त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, त्यांची काळजी तोवर किती जणांना होती? आमच्या महिला मंडळात टाकलेल्या बायका येतात. ती घरात राबते तेव्हा कोणी विचारत नाही, आणि तिने आपल्या मनाने एक पाऊल टाकलं की सगळ्या गावाला तिची काळजी वाटू लागते.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंना आपलीच उपासमार आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. अंध मुलींना ब्रेल शिकवायचं काम मनोरमेने उचललं. एका लेकीची आई होती ती हजारोंची झाली, आणि त्या लेकीने आईवर रुसण्याऐवजी तिच्याच कामाला हात लावला!

ही मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये आईच्या आधी गेली. आपल्या माणसांना पोचवत आलेल्या रमाबाईंनी शेवटी लेकीलाही पोचवलं. हिब्रू, ग्रीक शिकून हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पुरं करत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

वडिलांनी दिलं ते त्यांनी शारदा सदनात वाटलं, भुकेने शिकवलं ते केडगावात. आपलं प्रेम बहुतेक वेळा उंबऱ्याच्या आत फिरतं, मुलं, नवरा, माहेर. त्यात वाईट काही नाही. पण आपल्या गल्लीत एखादी एकटी बाई राहत असेल, तिच्याबद्दल कुजबूज चालत असेल, तर या आठवड्यात तिच्याकडे जाऊन चहा घ्या. तिचा धर्म, जात, चूक काही विचारू नका. नुसतं, जेवलीस का, एवढं विचारा.