नागपाड्याचे डॉ. मॅनशार्ट

मुंबईचा नागपाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना सुपरिचित असलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ याच वस्तीत राबले.

शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले. या मिशनचे ठाणे आपल्या शिरूरलाही होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. येथे त्यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, सर्वांना तेथे दार मोकळे होते. पुढे १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने समाजकार्याचे महाविद्यालय निघाले व तेच पहिले संचालक झाले.

आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली ती १९३७ साली. या संस्थेने देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले. शाळा चुकविणारे, चोरी करणारे, अंथरूण ओले करणारे मूल 'वाईट' नसून अडचणीत आहे, असे तेथे मानीत. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून मुलाची पाहणी करीत. आईबापांनाही बोलावून घरची हकीकत विचारीत. आपण आपल्या मुलाला शेवटचे निवांत कधी विचारले? अशा मुलांना मी स्वतः आधी छडी दिली आहे, कारण नंतर विचारले आहे.

१९४१ मध्ये मॅनशार्ट संस्थेतून निवृत्त होऊन मायदेशी परतले. १९४४ पासून ती संस्था टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते.