डी हॅव्हिलँड यांचे पतंग

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते विमान ‘पस मॉथ’ जातीचं होतं. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला तेव्हाचं विमानही त्याच घराण्यातलं, ‘लेपर्ड मॉथ’ होतं. ही कथा आपण पुष्कळदा वाचलेली असते. पण विमानाला पतंगाचं नाव देणारा माणूस कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. (मराठीत पतंग म्हणजे दोऱ्यावर उडवायचा तोही आणि दिव्याभोवती घिरट्या घालतो तोही. इथे दुसरा.)

ते जेफ्री डी हॅव्हिलँड. त्यांना कीटकांचा छंद होता. १९२५ साली त्यांनी पंख मागे मिटवून ठेवता येणारं दोन आसनांचं छोटं विमान बनवलं, तेव्हा त्यांना पतंगच आठवला. मग जिप्सी मॉथ, टायगर मॉथ अशी वंशावळच सुरू झाली. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतले कितीतरी वैमानिक टायगर मॉथवरच शिकले.

त्यांचा जन्म २७ जुलै १८८२चा. वडील धर्मोपदेशक. मुलाचं मन मात्र यंत्रांत. विमान बांधायचं ठरलं तेव्हा आजोबांनी एक हजार पौंड दिले. मी बँकेत असतो तर असं कर्ज कधीच मंजूर केलं नसतं! कापडी पंख शिवले बायकोने, लुईने. जोडीला मेकॅनिक मित्र फ्रँक हर्ल. पहिलं विमान डिसेंबर १९०९मध्ये उडालं आणि क्षणात मोडून पडलं. इंजिन वाचलं, तेच दुसऱ्या विमानाला लावलं. सप्टेंबर १९१०मध्ये हँपशायरमधल्या सेव्हन बॅरोज नावाच्या माळावर हर्ल गवतात पालथा पडून चाकांखालून उजेड दिसतो का ते बघत होता. दिसला! त्याच शरद ऋतूत जेफ्रींनी लुईला आणि तिच्या मांडीवरच्या काही महिन्यांच्या बाळाला विमानातून फिरवून आणलं. बाळाचं नावही जेफ्रीच.

ते विमान सरकारने चारशे पौंडांना घेतलं आणि सोबत दोघांना फार्नबरोच्या बलून कारखान्यात नोकरी दिली. पहिलं महायुद्ध संपल्यावर २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस ही रोजची हवाई सेवा सुरू झाली, तीही त्यांनीच आखलेल्या विमानाने. १९२० साली स्वतःची कंपनी निघाली. दुसऱ्या महायुद्धात तिने ‘मॉस्किटो’ हे चक्क लाकडी बाँबफेकी विमान काढलं. आधी नाकं मुरडली गेली, पण पुढे त्याची हजारो विमानं बांधली गेली.

या कारखान्याने घराकडून मात्र जबर किंमत वसूल केली. धाकटा मुलगा जॉन १९४३ साली दोन मॉस्किटोंच्या हवेतल्या टकरीत गेला. २७ सप्टेंबर १९४६ रोजी थोरला जेफ्री, तेच आईच्या मांडीवरचं बाळ, ध्वनीच्या वेगाजवळ जाणाऱ्या प्रायोगिक विमानाची चाचणी घेताना थेम्सच्या मुखाशी ठार झाला. लुई त्यातून सावरलीच नाही; १९४९ साली तीही गेली. त्याच वर्षी, २७ जुलैला, म्हणजे डी हॅव्हिलँड यांच्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, ‘कॉमेट’ प्रथम उडालं.

जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. चार इंजिनं, छत्तीस प्रवासी, चाळीस हजार फूट उंची. २ मे १९५२ रोजी लंडन-जोहान्सबर्ग सेवा सुरू झाली आणि अमेरिकन कारखानदार बघत राहिले. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, दमदमहून दिल्लीकडे निघालेलं कॉमेट वादळात मोडून पडलं; ४३ माणसं गेली. दोष वादळाला दिला गेला. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ दुसरं पडलं, ३५ मृत्यू. सेवा थांबवली, साठेक दुरुस्त्या केल्या, २३ मार्चला उड्डाणं पुन्हा सुरू केली. ८ एप्रिलला नेपल्सजवळच्या समुद्रात आणखी एक, २१ मृत्यू.

मग तपास गेला फार्नबरोच्याच संस्थेकडे, त्या जुन्या बलून कारखान्याच्या वारसाकडे. तिथे एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं. आत पाणी भरून दाब वाढवायचा, उतरवायचा. जणू विमान वर जातंय, खाली येतंय. आधीची खरी १,२२१ आणि टाकीतली १,८३६ उड्डाणं झाल्यावर केबिन फाटली. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची उड्डाणं झाली होती १,२९०. पुन्हा पुन्हा ताण बसून धातू थकला होता. चौकोनी खिडक्यांनी घात केला असं सर्रास सांगितलं जातं. एल्बाच्या अवशेषांत मात्र चीर सुरू झाली होती ती छतावरच्या, रेडिओच्या अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी.

बोचतं ते पुढचं. कंपनीने केबिनची चाचणी घेतलीच नव्हती असं नाही. नमुन्याच्या भागाने हजारो वेळा दाब सोसला होता. पण त्याच भागावर त्याआधी नेहमीच्या दुप्पट दाब दिलेला होता, आणि त्याने धातू कोपऱ्यांशी किंचित ताणला जाऊन उलट अधिक टिकाऊ झाला होता. विकलेल्या विमानांना ते भाग्य लाभलं नव्हतं. तपासणीआधी नीटनेटकी केलेली चार खाती बघून अख्ख्या शाखेला शेरा द्यावा, तसं झालं. फरक इतकाच, की इथे लबाडी कुणाचीच नव्हती. माणसं प्रामाणिक होती आणि काळजीही पुरेपूर घेतली होती. म्हणूनच हा हिशेब मला अजून अस्वस्थ करतो.

चौकशी उघडपणे झाली आणि तिचे निष्कर्ष प्रतिस्पर्ध्यांनाही मिळाले. सुधारलेलं कॉमेट ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिकपार सेवेत गेलं. तीनच आठवड्यांनी कितीतरी अधिक प्रवासी नेणारं बोइंग ७०७ आलं. आपल्या एअर इंडियानेही १९६० साली तेच घेतलं. त्याच वर्षी डी हॅव्हिलँड कंपनी हॉकर सिडलीत विलीन झाली.

सर जेफ्री २१ मे १९६५ रोजी वारले. त्यांची रक्षा विमानातून सेव्हन बॅरोजवर, हर्ल ज्या गवतात पालथा पडला होता त्या माळावर, विखुरली.