चीवर उतरवले, धर्म नाही

मुंबईच्या परळ भागात, गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस उगवणाऱ्या कामगार वस्तीत, १९३७ मध्ये 'बहुजनविहार' उभा राहिला. जुगलकिशोर बिर्लांच्या देणगीतून बांधलेल्या या विहारात राहून धर्म समजावून सांगणारा साठीचा गृहस्थ भिक्षू नव्हता. हार्वर्ड आणि लेनिनग्राडच्या विद्वानांत तो वावरला होता, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला होता. धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव. अंगावरचे चीवर त्याने तीस वर्षांपूर्वीच उतरवले होते.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे एका सारस्वत कुटुंबात जन्मलेल्या कोसंबींचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. नारळाच्या बागा सांभाळण्यात तारुण्य जात असताना 'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या हाती पडले आणि मनाने एकच ध्यास घेतला. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट झाली. पुढे काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने ते नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. अखेर १९०२ मध्ये ते श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या छायेखाली ते पाली शिकले, तेथेच त्यांनी प्रव्रज्या घेतली. त्यानंतर ब्रह्मदेशात ध्यानसाधनाही केली.

येथपर्यंतची कथा कोणत्याही मुमुक्षूची वाटावी. कोसंबींचे वेगळेपण पुढे दिसते. भिक्षूने पैशाला हात लावायचा नाही, माध्यान्हीनंतर जेवायचे नाही. बौद्ध गृहस्थच न उरलेल्या हिंदुस्थानात हे नियम पाळून हिंडणे आणि शिकवणे जवळपास अशक्य होते. नियम सांभाळायचे की धर्म पोहोचवायचा, असा प्रश्न होता. १९०६ मध्ये कलकत्त्यात त्यांनी चीवर सोडले, पाली शिकवायला सुरुवात केली आणि सुमारे सात वर्षांनी गोव्यात घरी जाऊन पुन्हा संसार मांडला. १९०७ मध्ये जन्मलेला मुलगा दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाला. या सात वर्षांचा जमाखर्च कोसंबींनी 'निवेदन' या आत्मचरित्रात मांडला आहे. बाळाबाईंच्या बाजूचा जमाखर्च मात्र कोणी लिहिलेला नाही.

कलकत्ता विद्यापीठात दरमहा अडीचशे रुपये मिळत असता सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महाराष्ट्रात राहण्यासाठी दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की दरवर्षी एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी पन्नास स्वीकारले. मराठी माणसाला त्याच्याच भाषेत बुद्ध सांगता येणार होता, हे कारण त्यांना पुरेसे होते. बडोद्यातील व्याख्यानांतून १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले.

त्याच वर्षी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले. वॉरन यांच्या निधनाने अपुरी राहिलेली ही प्रत पुरी करण्याचे काम होते. पण श्रेय कोणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम तसेच ठेवून परतले. स्वाभिमानापोटी काम अडले, असा दोष त्यांना देता येईल. परंतु ज्या पाठभेदांवर स्वतः घाम गाळला त्यांवर दुसऱ्याचे नाव चढू देणे त्यांना अप्रामाणिक वाटले असणार. १९१२ ते १९१८ ही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवण्यात गेली. चिं. वि. राजवाडे, पु. वि. बापट, ना. के. भागवत ही त्यांचीच शिष्यपरंपरा. पुढे हार्वर्डच्या आणखी वाऱ्या झाल्या, गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन झाले.

'भगवान बुद्ध' या १९४०-४१ मधील ग्रंथात त्यांनी श्रद्धाळूंनाही धक्का दिला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र घर सोडतो, ही सर्वांना पाठ असलेली कथा त्यांनी बाजूला सारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारी भांडणे आणि शस्त्र हाती घेणाऱ्या आप्तांविषयी वाटलेला उबग, यांत गृहत्यागाचे मूळ त्यांनी शोधले. 'अत्तदण्डसुत्त' हा त्यांचा मुख्य आधार. 'बोधिसत्त्व' नाटकातही त्यांनी हाच धागा धरला. बुद्ध वैराग्याने भारलेला राजकुमार राहिला नाही. पाण्यावरून लढणाऱ्या माणसांतला एक झाला. परळच्या श्रोत्यांना पाणीतंटा आणि जातीतंटा समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचा वाद आहे.

कोसंबींचा शेवट तर बौद्ध चौकटीतही बसत नाही. आजाराने शरीर जर्जर झाले, कोणाच्या उपयोगी पडणे संपले, तेव्हा पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा अभ्यास केलेल्या या बौद्धाने जैनांच्या मार्गाने अन्नत्याग करायचे ठरवले. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशातील दोहरीघाट येथे त्यांनी उपवास आरंभला. गांधीजींच्या आग्रहाखातर तो सोडला. पुढे सेवाग्राम आश्रमात तो पुन्हा सुरू केला. ४ जून १९४७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांच्याविषयी सांगितले.

हार्वर्डची 'विसुद्धिमग्ग'ची प्रत त्यानंतर तीन वर्षांनी, १९५० मध्ये छापून आली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन आणि संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबी, अशी दोन नावे होती.