विश्लेषण : तापमानवाढीचे पहिले गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञाला ती चांगली का वाटली?

हवामान बदलाचा विषय निघाला की दोन वाद हमखास होतात. पृथ्वी तापते आहे ती माणसामुळेच का, हा पहिला. आणि थोडी तापली तर बिघडले कुठे, हा दुसरा. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन्ही प्रश्नांना उत्तरे दिली होती. पहिले मूलतः बरोबर ठरले, दुसरे चुकले. असे का झाले, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावर कळते.

अऱ्हेनियस कोण होते?

शाळेत आम्ल आणि आम्लारींची व्याख्या शिकताना भेटतात तेच हे अऱ्हेनियस. जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळ. वडील जमीन मोजणीचे काम करत. मुलगा तिसऱ्या वर्षीच वाचायला शिकला. १८८४ मध्ये त्यांनी उप्साला विद्यापीठात डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात, या पुढे मांडलेल्या सिद्धांताचे बीज त्यात होते. परीक्षकांना ते पटले नाही. जेमतेम श्रेणी मिळाली आणि विद्यापीठातील नोकरीची वाट अवघड झाली. अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामवंतांना पाठवल्या. त्यातले विल्हेल्म ओस्टवाल्ड तर स्वतः उप्सालाला भेटायला आले. याच कामासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश.

ते हवामानाकडे कसे वळले?

त्यांचा मूळ प्रश्न तापमानवाढीचा नव्हताच. हिमयुगे का आली, हा त्या काळातला मोठा वाद होता. एके काळी उत्तर युरोप बर्फाखाली होता हे मान्य झाले होते, पण कारणावर एकमत नव्हते. वातावरण पृथ्वीची उष्णता राखते, ही कल्पना फ्रान्सचे जोसेफ फूरिये यांनी १८२४ मध्ये मांडली होती. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू उष्णता शोषतात, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत मोजून दाखवले. हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला तर हिमयुग येईल का, हे अऱ्हेनियस यांना तपासायचे होते. १८९४ च्या नाताळात स्टॉकहोममध्ये त्यांनी आकडेमोड सुरू केली. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला होता. पण संसार टिकला नाही. १८९६ मध्ये घटस्फोट झाला.

हे गणित नेमके काय होते?

अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांनी चंद्रावरून येणारी उष्णता मोजली होती. ती हवेच्या कमीजास्त थरातून येताना किती शोषली जाते, हे त्या नोंदींतून काढता येत होते. अऱ्हेनियस यांनी पृथ्वीचे अक्षांशांनुसार पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याचा, प्रत्येक ऋतूचा हिशेब हाताने केला. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते आणि ती वाफ आणखी उष्णता धरते, हेही त्यांनी धरले. हजारो आकडेमोडींनंतर १८९६ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढेल, निम्मा झाल्यास ४ ते ५ अंशांनी घटेल, असे उत्तर आले. पुढे त्यांनी दुपटीचा आकडा ४ अंशांवर आणला.

माणसाचा संबंध कुठे आला?

त्यांचे सहकारी, भूगर्भशास्त्रज्ञ आर्विड होगबोम यांनी कार्बनचा जमाखर्च मांडला होता. ज्वालामुखी किती वायू सोडतात, खडक किती शोषतात, याबरोबर त्यांनी कारखान्यांचाही हिशेब केला. जगात तेव्हा वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळत होता. त्यामुळे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वर्षाला हजारावा भाग भर पडत होती. या वेगाने लक्षात येण्याजोगी वाढ व्हायला हजारो वर्षे लागतील, असे तेव्हा वाटले. पण कोळशाचा वापर झपाट्याने वाढला. दशकभरानंतर सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात अऱ्हेनियस यांनी हा अवधी काही शतकांवर आणला.

शास्त्रज्ञांनी ते मान्य केले का?

नाही. १९०० मध्ये स्वीडनचेच क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी नळीत कार्बन डायऑक्साइड भरून प्रयोग मांडला. वायूचे प्रमाण बदलले तरी शोषणात फारसा फरक पडत नाही आणि वाफ ते काम आधीच करते, असा त्यांचा निष्कर्ष होता. उत्तर अऱ्हेनियस यांनी १९०१ मध्ये दिले, पण बहुतेकांना आक्षेपच पटला. खरे तर नळी म्हणजे वातावरण नव्हे. उंचावरची हवा विरळ, थंड आणि कोरडी असते. उष्णता अवकाशात निसटते ती तिथून. वायू वाढला की निसटण्याची ही पातळी आणखी वर, आणखी थंड हवेत जाते आणि उष्णता बाहेर पडणे मंदावते. १९५० च्या दशकात हे नीट स्पष्ट झाले. अऱ्हेनियस २ ऑक्टोबर १९२७ रोजी वारले, तेव्हा हा सिद्धांत अडगळीत होता.

मग त्यांना तापमानवाढ चांगली का वाटली?

थंड प्रदेशांत हवा सुखद होईल, पिके वाढतील, पुढचे हिमयुग टळेल, असे त्यांनी लिहिले. स्टॉकहोमच्या लांबलचक हिवाळ्यात राहणाऱ्या माणसाला हे वाटणे स्वाभाविक होते. शिवाय बदल शतकानुशतके सावकाश होईल, असा त्यांचा समज होता. पण हे मत त्यांच्या कोष्टकांतून आलेले नव्हते. तापमान किती अंशांनी वाढेल हे कोष्टक सांगत होते. आधीच उष्ण असलेल्या प्रदेशातल्या शेतकऱ्याला किंवा समुद्रकाठच्या गावांना त्या अंशांची काय किंमत मोजावी लागेल, हा हिशेब त्यांनी केलाच नाही. उत्तरायुष्यात मात्र त्यांनी तेल आणि खनिजांच्या उधळपट्टीबद्दल सावध केले.

आज त्यांचे महत्त्व काय?

१९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजमाप सुरू झाले, तेव्हा हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. दुपटीला सुमारे ३ अंश, बहुधा अडीच ते चार, असा संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयपीसीसी’ समितीचा २०२१ मधील अंदाज आहे. कागद-पेन्सिलीवर काढलेला अऱ्हेनियस यांचा नंतरचा आकडा या मर्यादेत बसतो. म्हणजे कारणाचा वाद विज्ञानाने बराचसा मिटवला आहे. उत्सर्जन कोणी, किती आणि कधी कमी करायचे, नुकसान कोणी भरून द्यायचे, हे मात्र कोणतेही कोष्टक ठरवत नाही. त्या वाटाघाटीत उष्ण प्रदेशांतल्या लोकांचा आवाज असणे म्हणूनच गरजेचे आहे. अऱ्हेनियस यांच्या हिशेबात नेमका तोच नव्हता.